टीव्ही कड खातो

कोणाच्याही घरी गेलो की मी आधी टीव्हीतल्या माणसांचे गाल बघतो. गाल सुजल्यागत दिसले, बातम्या सांगणारी पोरगी आडवी पसरलेली दिसली, की माझा हात आपोआप रिमोटकडे जातो. बायको डोळे वटारते. "आपण जेवायला चाललोय, दुरुस्तीला नाही," असं ती रस्त्यातच बजावून ठेवते. पण जित्याची खोड. जळगावात सगळी उमर टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. आता दुकानाचं शटर ओढून घरी बसलोय, तरी डोळे काही रिटायर व्हायला तयार नाहीत.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, भाऊ, धंद्यातले चढउतार लिहा. म्हटलं, चढ म्हणजे अँटेना लावायला पत्र्यावर चढायचो तो. आणि उतार म्हणजे चित्र आलं की सगळे टीव्हीपुढे पळायचे आणि शिडी धरायला कोणी उरायचं नाही, तो. बाकी आपल्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडणार? तरी ते मागेच लागले, म्हणून बसलोय लिहायला.

खरं सांगू का, ते दिवस फार आठवतात. जुन्या टीव्हीचं मागचं झाकण उघडलं की आत धुळीचा थर, कोळ्याची जाळी, एखादी वाळलेली पाल. कथिल तापलं की त्याचा वास घरभर पसरायचा. सगळं घर माझ्याभोवती कोंडाळं करून बसायचं, आणि चित्र आलं की म्हातारी बाई टीव्हीला नाही, मला हात जोडायची. आता टीव्ही म्हणजे भिंतीवर टांगलेली पाटी. बिघडला की अख्खा पडदा बदला, नाहीतर टीव्हीच बदला. हातातली कला हातातच राहिली. वाईट वाटतं, का नाही वाटणार?

शेवटची काही वर्षं माझं दुकान तगलं ते एका वायरीवर. लॅपटॉप टीव्हीला जोडायची वायर. पोरं पुण्याहून लॅपटॉप घेऊन यायची, शाळा लॅपटॉपवर, सभा लॅपटॉपवर, आणि घरात मोठा टीव्ही. मग 'भाऊ, हे त्याच्यावर दिसेल का?' दिसेल की! वायरीचं एक टोक लॅपटॉपात, दुसरं टीव्हीच्या मागे. पण टीव्हीला मागे दोन-तीन दारं असतात. लोक वायर एका दारात खुपसतात आणि टीव्ही दुसऱ्याच दाराकडे तोंड करून बसतो. तो पाहुण्याची वाट बघतोय, पाहुणा मागच्या दाराशी उभा, आणि घरमालक मला फोन करतोय की टीव्ही बिघडला. रिमोटवर एक बटण दाबायचं असतं, बस. त्यासाठी मी पार मुक्ताईनगरपर्यंत गेलोय.

दुसरी गंमत म्हणजे लॅपटॉप टीव्हीशी दोन तऱ्हांनी बोलतो. एक तर जे लॅपटॉपवर तेच टीव्हीवर. नाहीतर टीव्ही म्हणजे लॅपटॉपच्या शेजारी मांडलेलं दुसरं टेबल, त्यावर वेगळंच काहीतरी ठेवता येतं. हे दुसरं ज्याला कळलं नाही त्याचा बाण हरवतो. टीव्हीवर नुसतं डोंगराचं चित्र दिसत राहतं आणि माणूस उंदीर गोल गोल फिरवत बसतो. आणि पहिलं ज्याला कळलं नाही त्याची तर अब्रूच जाते. एका गावच्या दूध सोसायटीची सभा होती. मी वायर जोडून बाजूला झालो. सेक्रेटरींना वाटलं, आपण हिशेबाचं पान उघडेपर्यंत लोकांना काही दिसत नाही. त्यांनी आधी मुलीचा बायोडाटा उघडला, उंची जरा वाढवली, रंग निमगोरा होता तो गोरा केला. सगळी सभा टीव्हीकडे बघतेय! मागून एक आबा उठले आणि म्हणाले, "सेक्रेटरी, उंची होती तेवढीच राहू द्या. आमचा पोरगाबी बुटकाच शे." हसून हसून सभा लोळली. आणि ते लग्न झालं बरं का. मला पत्रिका आली होती.

पण मला सांगायचंय ते गालांचं. जुनी लग्नं, जुने सिनेमे यांचं चित्र चौकोनी असायचं. आताचा टीव्ही लांबोळका. चौकोनी चित्र त्यावर नीट ठेवलं तर दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते. ती आपल्या लोकांना सहन होत नाही. एवढा मोठा टीव्ही आणलाय तो काळं बघायला? मग ते चित्र ओढून ताणून पडदाभर करतात. चित्र भरतं, माणसं फुगतात.

आणि आता खरी गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला माहीत नसते. टीव्ही कड खातो. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा धड नसायच्या, खरखर असायची, वाकड्या व्हायच्या. म्हणून बनवणाऱ्यांनीच ठरवलं की चित्र पडद्याहून थोडं मोठं फेकायचं आणि चारी बाजूंची कड चौकटीमागे दडवायची. कोणाला पत्ता लागत नसे. काचेचे टीव्ही गेले, पण खोड राहिली. पुष्कळसे नवे टीव्हीसुद्धा, सांगितलं नाही तर, चित्राची कड खातातच. सेटिंगमध्ये आत कुठेतरी ते बंद करायचं बटण असतं, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय. मी वायर जोडली की पहिलं ते शोधतो. गिऱ्हाईक म्हणतं, असू द्या ना भाऊ, कडेला कोण बघतो?

कडेला कोण बघतो, याचं उत्तर मला धरणगावात मिळालं.

आखाजी तोंडावर आली होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि आमच्याकडे लेकीबाळींना दिवाळीहून तिची ओढ जास्त. सासरी गेलेल्या बायका माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, पुरणाचे मांडे होतात. लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आला की साठीची बाईसुद्धा पोरीसारखी पिशवी भरायला लागते.

धरणगावच्या वैशाली मॅडमचा फोन आला. शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या सासूबाईंच्या लग्नाची जुनी कॅसेट त्यांनी माझ्याकडे दिली होती. तिच्यावरची बुरशी पुसून, माझ्या जपून ठेवलेल्या शेवटच्या व्हीसीआरवर चालवून, मी ती लॅपटॉपमध्ये उतरवून दिली होती. सासरे गेल्यापासून सासूबाई उदास असायच्या, त्यांना नवरा चालता-बोलता दिसावा म्हणून सुनेची ही सगळी खटपट. मॅडम फोनवर म्हणाल्या, "भाऊ, चित्र येतंय, पण सासूबाई म्हणतात हे ते नव्हेतच. रडायलाच लागल्यात. तुम्ही या."

गेलो. कूलर घरघरत होता, बाहेर वैशाखाचं ऊन. अक्का, म्हणजे मॅडमच्या सासूबाई, टीव्हीसमोर पाटावर बसलेल्या. पडद्यावर फेटा बांधलेला नवरदेव, गाल भोपळ्याएवढे.

"भाऊ, हाऊ मना मालक नही शे," अक्का मला बघताच म्हणाल्या. "त्या काडीगत व्हतात."

मी म्हटलं, "अक्का, ते काडीच होते, टीव्हीने फुगवलंय. थांबा, आत्ता बारीक करतो."

खाटेवर एक तिशीतला माणूस बसला होता, पायाशी पिशवी, हातात रिकामा कप. तो अक्कांचा भाचा, गोकुळ. भडगावकडच्या गिरणाकाठच्या गावाहून आलेला. अक्कांच्या भावाने, नानांनी, पाठवलेला मुराळी.

आमच्या धंद्याची एक गंमत सांगतो. टीव्हीच्या मागे डोकं घातलेला माणूस लोकांना दिसत नाही. त्याच्यासमोर लोक भांडतात, सोयरिकी ठरवतात, सासवांना नावं ठेवतात. मी त्यांची सैल वायर काढून माझी चांगली लावत होतो आणि समोर आत्या-भाच्याचं सुरू झालं.

"आत्या, चाल ना. नानाले आर्धांग व्हयेल शे. आते त्या खाटवरच ऱ्हातस."

"तुले चहा दिना ना? जेवण करी जाय. मी येवाव नही."

"दरसाल तू अशीच करस. पुढली आखाजीले नाना ऱ्हातीन का नही, कोनले माहीत?"

अक्का माझ्याकडे वळून, जणू मी पंचच आहे, म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच सांगा. मना लगनले सख्खा भाऊ उना नही. आते त्यानी आखाजी कसाले करू मी?"

तुकड्यातुकड्याने सगळं कळलं. नानांनी बहिणीसाठी आपल्या दोस्ताच्या घरी शब्द दिला होता. वडिलांनी परस्पर धरणगावचं स्थळ पक्कं केलं. नाना भडकले, चारचौघांत बोलून गेले की या लग्नाच्या मांडवात मी पाय ठेवणार नाही. आणि शब्दाला पक्के. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो, तो मान चुलतभावाने घेतला. अक्का मंगळाष्टकं होईपर्यंत मान वळवून वळवून वाट बघत होत्या. तेव्हापासून दर आखाजीला नाना मुराळी धाडतात, आधी गडी धाडायचे, आता मुलगा. अक्का त्याला पोटभर जेवू घालतात आणि परत लावतात. वडील असेपर्यंत, आई असेपर्यंत इतर वेळी जाऊन यायच्या, पण नानांशी बोलणं नाही आणि आखाजीला तर मुळीच नाही.

"माय म्हने, उनता तो, बाहेर उभा व्हता," अक्का म्हणाल्या. "मरेपर्यंत म्हने. मी तिले सांगं, माय, मनी समजूत काढाले खोटं नको बोलू."

म्हातारीने मरताना शेवटचं तेच सांगितलं होतं म्हणे, आणि अक्कांनी तिला पाणी पाजलं पण मान हलवली नाही.

माझं सेटिंग झालं. आधी कड खाणं बंद केलं, मग चित्र होतं तसं चौकोनी केलं. नवरदेव एकदम सडपातळ झाला, गळ्याची घाटी दिसायला लागली. अक्कांनी पदर तोंडाला लावला. "हां... ह्या त्या." जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग नाक पुसलं आणि लगेच म्हणाल्या, "पण दोन्हीकडे काळं कसाले? टीव्ही आखूड झाया."

"अक्का, तुमचं लग्न एवढंच रुंद होतं."

"पडदाभर करा ना."

"मग पुन्हा गाल फुगतील. दोन्ही मिळायचं नाही. मालक पाहिजे की पडदा?"

मॅडम हसल्या, गोकुळही हसला. अक्कांनी हात उडवला, म्हणजे चालू दे. खालच्या कडेला पांढऱ्या खरखरीची पट्टी दिसत होती, जुन्या कॅसेटला ती असतेच, एरवी टीव्ही तीच खाऊन टाकतो. मी मनात म्हटलं, आता हिच्यावरूनही बोलणं खावं लागणार.

मंगळाष्टकं सुरू झाली. शूटिंगवाला हौशी असावा. सगळा मांडव एका चित्रात यावा म्हणून तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढला होता. माणसं बोटाएवढी, मधोमध अंतरपाट, बायकांची गर्दी, आणि पार डाव्या कडेला मांडवाचा शेवटचा खांब. खांबापलीकडे निंबाचं झाड. झाडाखाली एकटा माणूस.

अक्का पाटावरून उठल्या. टीव्हीपाशी गेल्या, इतक्या जवळ की मला म्हणावं लागलं, अक्का, मागे व्हा, डोळे दुखतील. त्यांनी ऐकलं नाही. पडद्याच्या कडेवर बोट ठेवलं.

त्या माणसाने उपरण्याचं टोक दातात धरलेलं होतं. चावत होता. आणि नजर सरळ अंतरपाटाकडे.

"आत्या," गोकुळ खाटेवरून म्हणाला, "नाना अजूनबी असंच टॉवेल चावतस. राग उना का, रडू उनं का."

मंगळाष्टकांचा शेवटचा 'सावधान' झाला, गर्दीने अक्षता उडवल्या. त्या माणसाने शर्टाच्या खिशात हात घातला, मूठ काढली आणि सगळा हात मागे नेऊन, गोफण फिरवल्यासारखी, लांबवर मांडवाकडे फेकली. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि चित्राच्या बाहेर निघून गेला.

"परत लाव," अक्का म्हणाल्या.

लावलं. पुन्हा लावलं. किती वेळा लावलं ते विचारू नका. ही कॅसेट त्यांनी तरुणपणी नवऱ्याबरोबर भाड्याचा व्हीसीआर आणून कितीदा तरी पाहिली होती, आणि दरवेळी घरच्या टीव्हीने निंबाचं झाड खाऊन टाकलं होतं. लॅपटॉपवर चित्र पूर्ण होतं, पण त्या लहान पडद्यावर अक्कांना दिसत नव्हतं. आणि मॅडमनी मामेसासऱ्यांना जन्मात पाहिलं नव्हतं, त्यांना तो कोणीतरी वाटसरू वाटला.

कूलरमध्ये पाणी संपलं, तरी कोणी उठलं नाही. मग अक्का एकदम कडाडल्या, "वैशाली, मनी पिशवी काढ! आन् हाऊ लॅपटॉप बठ्ठा वायरसकट बांध. भाऊ, तुम्हीबी चला."

मी म्हटलं, "मी? मी कशाला अक्का, माहेर तुमचं."

"तठे टीव्हीनी कड खादी तं? मी काय दखाडू त्याले?"

बिनतोड. गाडीत बसलो. एरंडोल मागे पडलं, पुढे कपाशीची मोकळी रानं तापलेली, वाटेत गावागावांत निंबांना झोके बांधलेले. अक्का खिडकीकडे तोंड करून. मला वाटलं, रडत असतील. बघतो तर ओठ हलत होते. भांडणाची तयारी चालली होती.

नाना ओट्यालगतच्या खोलीत खाटेवर होते. एक हात निकामी, तोंड जरासं वाकडं, पण नजर तीच, चित्रातली. दारात बहीण बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चांगल्या हाताने त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि टोक तोंडात धरलं. आता भावाने 'ये' म्हणावं की बहिणीने 'कसा आहेस' म्हणावं, यावरच अडलं होतं. एका आईची पोरं, दोघंही तेवढीच हेकट.

अक्का मलाच म्हणाल्या, "भाऊ, जोडा."

पहिल्यांदा वायर उलटीच खुपसली मी, खरं सांगतो. हजारो टीव्ही उघडले, असं कधी झालं नव्हतं. वायर लावली, दार निवडलं, कड खाणं बंद केलं, चित्र चौकोनी केलं. ट्रॉलीवरून घेतलेला मांडव समोर आला. अक्कांनी बोट ठेवलं. "हाऊ कोन शे?"

नानांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग टॉवेल तोंडातून काढला, आणि त्या वाकड्या तोंडाने, पण अगदी ताठ आवाजात म्हणाले, "दख. नीट दख. मना पाय मांडवना बाहेरच शेतस."

मला हसू आलं. आयुष्य संपत आलं, आणि माणूस अजून सांगतोय की मी शब्द मोडला नाही!

"पाय बाहेर शेतस," अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला होता, पण मध्येच फुटला. "मांडवमा तू उनाच नही. मंग अक्षता कोनी दिन्यात तुले?"

नाना टीव्हीकडेच बघत होते.

"मायनी," ते म्हणाले. "पदरमा बांधी लयनी व्हती. म्हने, आठूनच फेक, पण फेक."

अक्का मटकन खाटेच्या कडेला बसल्या. पदर दोन्ही हातांनी तोंडावर दाबला आणि "माय, माय वं" म्हणत लहान पोरीसारख्या रडल्या. भावासाठी नाही, हे मला कळत होतं. नानांनी आपल्या टॉवेलचं ओलं टोक बहिणीच्या हातात दिलं आणि तिने त्यानेच डोळे पुसले.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. समोर निंबाला झोका होता, गल्लीतल्या पोरी गाणी म्हणत होत्या. थोड्या वेळाने नानांच्या सूनबाई ताट घेऊन आल्या. मांडा, आमरस, वर तूप. मी म्हटलं, आधी आत द्या. त्या म्हणाल्या, आत दोघं भांडताहेत, कान पिळायचा मान कोणाला द्यायचा होता त्यावरून.

लॅपटॉप मॅडमचा, तो आखाजी झाल्यावर परत गेला. वायर मी मागितली नाही. माझ्याजवळची ती सगळ्यात चांगली वायर होती.